राजा तळ्यावर गेला नाही

एका राज्याच्या नगरात उचकी लागली. एकट्यादुकट्याला नव्हे, साऱ्या नगरालाच लागली.

आरंभी कुणाला त्याचे वाईट वाटले नाही. उचकी लागली म्हणजे कुणीतरी आपली आठवण काढत असणार, हे त्या राज्यातही लोक मानीत. बायका पदराआड हसत आणि माहेरच्या एकेकाचे नाव घेत. आई म्हणावे, भाऊ म्हणावे, ज्या नावाला उचकी थांबेल त्याने आठवण काढली असे समजावे. म्हातारे तर हरखूनच गेले. या वयात आपल्याला कुणी आठवते म्हणजे काय! ते ओट्यावर बसून, चारचौघांना ऐकू जाईल अशी उचकी देऊ लागले.

पण ही उचकी उफराट्या गुणाची होती. ती आठवण आणीत नव्हती, नेत होती. एक उचकी, एक आठवण गेली. आधी किल्ली कुठे ठेवली ते जाई, मग घराचा रस्ता जाई, मग घरच्यांची नावे जात. हलवाई पाक किती तारी ते विसरला. न्हाव्याने एका सरदाराची अर्धी दाढी केली आणि उरलेली अर्धी विसरून तो घरी गेला. गवई तान घेऊन वर गेला आणि खाली कसे यायचे तेच त्याला आठवेना. राजवैद्य आले-मधाची वाटी घेऊन निघाले आणि कुणाकडे निघालो ते चौकातच विसरले, म्हणून त्यांनी ते स्वतःच चाटून टाकले. लोक हसले. मग एका आईने कडेवरच्या लेकराकडे पाहून विचारले, "हे कुणाचे?" त्या दिवसापासून नगरातले हसू आटले.

ही साथ पाठवली होती उग्रतुंड नावाच्या मांत्रिकाने. कशासाठी पाठवली, तेही सांगतो.

त्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, घनदाट रानाच्या कुशीत एक तळे होते. तळ्याच्या तळाशी सोन्याने भरलेला एक शापित रांजण होता. तो वर आला की काढणारा धनवान व्हायचा आणि राज्यात बारा वर्षे पाऊस पडायचा नाही, असा त्याचा शाप. तळ्याकाठी तळेकर राहत. ते सांजेला जाळी आवरताना एक ओवी म्हणत, आणि ती ओवी ऐकत रांजण खाली निजून राही. उग्रतुंडाला तो रांजण हवा होता. बारा वर्षांचा दुष्काळ इतरांना पडणार होता, त्याची त्याला फिकीर नव्हती. तळेकर ओवी विसरले की काम झाले, असा त्याचा हिशेब.

अडचण एकच होती. उचकीला पाय नसतात. ती माणसाच्या गळ्यात बसून प्रवास करते. एका ताटात जेवले, एका बैठकीत बसले, की या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मंत्राने पाठवलेली साथ पाठवणाऱ्याला स्वतः उचलून नेता येत नाही, हा त्या विद्येचा नियम. तिला दुसऱ्या कुणीतरी तळ्यावर न्यायला हवे होते.

आणि तळ्यावर जायला टपून बसलेला एक मनुष्य नगरात होता. तो म्हणजे खुद्द राजा रणधवल.

राजा मनाने चांगला होता. न्याय बरा करी, प्रजेचे ऐकून घेई, राणी कमळजेवर त्याचा जीव होता. पण शिकार आणि मासे म्हटले की तो राजा राहत नसे. पाऊस सरून आभाळ निवळले की त्याचे चित्त सिंहासनावर ठरेना. दरबारात फिर्यादी बोलत असे आणि राजाचा हात हळूच गळाची दोरी ओढल्यासारखा हलत असे. त्याने पूर्वी धरलेला एक मरळ मासा दरवर्षी सांगताना वीतभर वाढत होता. आता तो जवळजवळ मगरीएवढा झाला होता, आणि दरबारी माना डोलवीत होते.

शिवाय एक जुनी रीत होती. दरवर्षी शरदात राजाने तळ्यावर जावे आणि पूर्वजांच्या सोन्याच्या गळाने पहिला मासा धरावा. तोवर तळेकरांच्या जाळ्यात पाण्यावाचून काही येत नसे, आणि रानातल्या शिकाऱ्यांचे बाण धनुष्यावरून सुटत नसत. आधी राजाचा गळ, मग लोकांची जाळी, मग रानाचे बाण, असा क्रम. गळ राजाने स्वखुशीने कुणाला दिला तर हा मान त्याचा होईल, असेही पूर्वजांचे वचन होते. पण सात पिढ्यांत तो कुणी दिला नव्हता. देतो कोण? पहिल्या माशाची चवच वेगळी.

तेव्हा त्या शरदात उग्रतुंड बैराग्याचा वेष घेऊन राजवाड्यात आला. अंगाला राख, हातात चिमटा, डोळे अर्धे मिटलेले.

"महाराज, चेहरा उतरला आहे," बैरागी म्हणाला.

"नगरात साथ आहे, बुवा."

"साथ नगरात आहे. रानात नाही. रानातली हवा शुद्ध. झाडापानांत उचकी टिकत नाही. आणि माशांना उचकी कुठली? राजाने स्वतःचे रक्षण केले तरच प्रजेचे रक्षण."

आंधळा मागतो एक डोळा! राजाच्या तोंडावर एकदम टवटवी आली. घोड्यांवर खोगिरे चढली, शिकारी कुत्री साखळीला ओढू लागली, राजाने धनुष्य पाठीला लावले आणि तो राणीचा निरोप घ्यायला महालात गेला.

राणी कमळजा सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता खाली ठेवला नाही.

"कुठे निघाला, महाराज?"

"हवापालट करायला. वैद्यकीय कारण आहे, कमळजा."

"खोगीर कुणी चढवले?"

"मोतद्दाराने."

"त्याला काल उचकी होती. आज तो घोड्याला बैल म्हणतो आहे. शिदोरी कुणी बांधली?"

शिदोरीत पोळ्यांऐवजी मुदपाकखान्यातली फडकी निघाली होती, हे राजाने पाहिले होते.

"मला उचकी नाही," तो म्हणाला.

"ती वाजण्याआधी गळ्यात मुक्काम करते. मोतद्दारालाही परवा नव्हती. तळ्यावर तळेकरांच्या म्हातारीच्या, म्हाळसाच्या पंगतीत बसाल, तिच्या नातवंडांना मांडीवर घ्याल. मग?"

राजाला राग आला, कारण ती खरे बोलत होती. त्याने धनुष्य खुंटीला टांगले आणि घोडे सोडायला सांगितले. संध्याकाळी तो वाड्याच्या हौदात गळ टाकून बसला. हौदात मासे नव्हते.

असा पहिला मोह सरला.

पुढे एके सकाळी एक खंड्या उडत आला आणि सज्ज्याच्या कठड्यावर बसला. निळाशार, लांब चोचीचा. तळ्यावरची ही पाखरे बोलतात. ज्याने निरोप दिला त्याच्याच आवाजात बोलतात. हा खंड्या तळेकरांच्या म्होरकीच्या, म्हाळसाच्या घोगऱ्या आवाजात बोलला.

"म्हाराज, जाळ्यात निस्तं पानी येतंय. पोरं कंद उकडून खात्यात. येनार असाल तर या, न्हाईतर न्हाई म्हना. वाट बघाय लावू नगा."

राजाचे काळीज हलले. या खेपेला हौसेची गोष्ट नव्हती. त्याच्या न जाण्याने तिकडे चुली थंड पडल्या होत्या. लहान असताना याच म्हाळसाने त्याला गळाला गांडूळ कसे लावायचे ते शिकवले होते, आणि त्याने किळस करून तोंड फिरवले तेव्हा टपली मारली होती. सगळ्या राज्यात राजाला टपली मारलेली तेवढी एकच व्यक्ती.

बैरागी दारातच उभा होता. "आता हौस नव्हे, कर्तव्य आहे," तो हळूच म्हणाला. "भुकेल्यांना टाकून घरात बसणारा राजा कसला?"

हे राणीलाही खोडता आले नाही. ती म्हणाली, "जाणे चूक आहे हे मला कळते. न जाणे बरोबर कसे करायचे, ते कळत नाही." तिचे डोळे भरून आले होते.

राजा निघाला. बरोबर कुणाला घेतले नाही. वेशीपाशी आला तेव्हा दिंडीदरवाजाला म्हातारा रायाजी बसला होता. या रायाजीने राजाला लहानपणी खांद्यावर बसवून सारे नगर हिंडवले होते. राजा कितीही घाईत असला तरी वेशीतून जाताना त्याच्याशी दोन शब्द बोलल्यावाचून जात नसे.

"रायाजी, दार उघड."

रायाजीने भाला आडवा धरला. "कोण रे तू?"

"अरे, मी."

"मी म्हणजे कोण? इथून कुणी जायचं न्हाई. राजाचा हुकूम हाय." आणि रायाजीला उचकी लागली. त्याने हातातल्या भाल्याकडे पाहिले, हे काय आपल्या हाती आले म्हणून त्याला नवल वाटले, आणि भाला भिंतीला टेकवून तो केविलवाणा हसला.

असा हुकूम राजाने कधी काढलाच नव्हता. रायाजीने तो आपल्या विस्कटलेल्या डोक्यातून काढला होता. पण तो ऐकून राजा लाजला. जो हुकूम आपण द्यायला हवा होता, तो एका विसरभोळ्या म्हाताऱ्याने दिला. राजा तिथेच वेशीच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. रायाजीने अनोळखी माणसाच्या पाठीवरून हात फिरवला.

मग राजा उठला आणि परत फिरला. त्याच दिवशी दवंडी पिटली: "ऐका हो ऐका! नगराबाहेर कुणी जाऊ नये, घराबाहेर कामावाचून पडू नये, एका ताटात कुणी जेवू नये हो!" दवंडीवाल्याला मध्येच उचकी लागे, म्हणून त्याच्या बायकोला मागून चालत उरलेला मजकूर सांगावा लागे. लोकांनी ऐकले. दारे लागली. सुना सासूच्या खोलीबाहेर ताट ठेवून उंबऱ्याआडून बोलू लागल्या, आणि कित्येक घरांत त्यामुळे भांडणे कमी झाली असे म्हणतात.

असा दुसरा मोह सरला. पण तळ्यावरच्या थंड चुली राजाच्या मनातून जाईनात.

बैरागी आतून जळफळत होता. नगरातली उचकी घराघरांत कोंडली गेली होती. तिला नवा गळा मिळेना. आणि पाठवलेल्या साथीला नवा गळा मिळाला नाही की ती पाठवणाऱ्याच्या घराकडे वळते, हा त्या विद्येचा दुसरा नियम. तेव्हा त्याने भात्यातला शेवटचा बाण काढला. त्याने वाड्याच्या गच्चीवर एक खाट आणली. साधी सुंभाने विणलेली खाट, पण ती उडत असे.

"महाराज, हिच्यावर बसा," तो म्हणाला. "कुणाला शिवणे नको, कुणाच्या पंगतीला बसणे नको. तळ्यावर अधांतरी राहा, वरून गळ सोडा, पहिला मासा धरा आणि परत या. तळेकरांची पोटे भरतील, उचकीही तिकडे पोचणार नाही. यात दोष काढून दाखवा."

राजाने पुष्कळ विचार केला, दोष सापडेना. राणीनेही विचार केला. खाटेच्या चारी कोपऱ्यांभोवती ती दोनदा फिरली. "खाट खाली उतरलीच नाही तर ठीक," ती म्हणाली. "पण पहिला मासा लागला की आपण तो म्हाळसाला दाखवायला खाली उतरणार नाही, असे वचन द्या."

राजाने वचन द्यायला तोंड उघडले. पण मासा धरून तो कुणाला दाखवायचा नाही, हे वचन त्याच्या जिभेवर येईना. आजवर कोणत्या मासे धरणाऱ्याच्या जिभेवर ते आले आहे? तो अडखळला, खाटेवर बसला, हातात सोन्याचा गळ घेतला, आणि राणीकडे वळून म्हणाला, "मी येतो हं..."

आणि त्याला उचकी लागली.

त्याने राणीकडे पाहिले. ओळखीचा चेहरा होता. कपाळावरचे कुंकू, डाव्या भुवईवरचा तीळ, सारे ओळखीचे. पण तिचे नाव त्याला आठवेना. त्याने दोनदा ओठ हलवले. नाव नव्हतेच.

राजा खाटेवरून उतरला.

"म्हणजे पहिल्या दिवशीही ती माझ्या गळ्यात होती," तो म्हणाला. "मी गेलो असतो तर एव्हाना ते सारे..."

"पण आपण गेला नाहीत," राणी म्हणाली.

"मला तळे अजून आठवते आहे. म्हाळसाही आठवते. ते जाण्याआधी मी एक गोष्ट केली पाहिजे. तो खंड्या अजून आहे का?"

खंड्या कठड्यावरच होता. पाखरांना ती उचकी लागत नसे.

राजाने सोन्याचा गळ तळहातावर धरला. पोरपणी तो पहिल्यांदा हाती आला तेव्हा राजा तो उशाशी घेऊन झोपला होता. पहिला झटका, दोरीचा तो थरार, काठावर ओरडणारे लोक, सारे त्या वाकड्या सुईत होते. द्यावासा त्याला मुळीच वाटत नव्हता. दुसरी उचकी आली आणि काठावर ओरडणारे लोक गेले. तेव्हा राजाने मूठ उघडली.

"खंड्या, हा म्हाळसाला दे. सांग, राजा येणार नाही. आजपासून पहिला गळ तळेकरांचा. मी हे स्वखुशीने..." इथे तो थबकला. मग मोठा श्वास घेऊन म्हणाला, "हो, स्वखुशीनेच देतो."

राणीने आधी तो गळ कडुनिंबाचा पाला घातलेल्या पाण्यात चांगला खळखळून उकळला, आणि मगच खंड्याच्या चोचीत दिला. निळे पाखरू भुर्रकन उडून गेले.

बैरागी ओरडला, "मूर्खा! सात पिढ्यांचा मान एका भोईणीला दिलास!" आणि त्याचे ओरडणे पुरे होण्याआधी त्यालाही उचकी लागली.

उचकी घरी आली होती. तिला सारी दारे बंद मिळाली, आणि ती आपल्या धन्याच्या गळ्यात येऊन बसली. उग्रतुंडाने तिला घालवायचा मंत्र म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ म्हटली, उचकी आली, दुसरी ओळ गेली. तिसरी म्हणायला गेला तर पहिली गेली. तो हातवारे करीत गच्चीभर फिरला. मग फिरायचे का ते विसरला. मग आपण मांत्रिक आहोत हेही विसरला. शेवटी तो राणीपुढे हात जोडून उभा राहिला.

"बाईसाहेब, मी कोण?"

राणीने क्षणभर विचार केला. "तुम्ही पागेतले नवे नोकर. घोड्यांना खरारा करायचा असतो."

"असे होय," तो म्हणाला, आणि समाधानाने जिना उतरून गेला.

साथ पाठवणाराच मंत्र विसरला, तेव्हा साथीला धरायला काही उरले नाही. नगरातली उचकी थांबली. एकेका घरातून आनंदाचे आवाज येऊ लागले. त्या आईने लेकराला नावाने हाक मारली आणि इतके कवटाळले की ते बिचारे गुदमरले. हलवायाला पाक आठवला, गवई एकदाचा खाली आला. न्हावी धावतपळत सरदाराकडे गेला. सासवांना सुनांची नावे आठवली, आणि लगोलग जुनी भांडणेही आठवली. रायाजी वेशीवरून थेट वाड्यात आला आणि राजाला म्हणाला, "म्हाराज, एक परका मानूस पायरीवर बसून लई रडत हुता. त्याचं काय झालं?"

"बरा आहे तो," राजा म्हणाला.

पाठवणाऱ्याने गमावलेले मात्र परत येत नाही, हा त्या विद्येचा तिसरा नियम. उग्रतुंडाला त्याची विद्या कुणी आठवूनही दिली नाही. घोडे मात्र त्याच्या हाताखाली चकचकीत दिसू लागले.

आणि राजा राणीच्या महालात गेला. दारात उभा राहिला. "कमळजा," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "कमळजा." राणी म्हणाली, "ऐकू आले एकदा." पण तिने त्याला आणखी कित्येकदा म्हणू दिले.

पुढच्या शरदात, साथीचे नावनिशाण उरले नाही तेव्हा, राजा तळ्यावर गेला. राणीही गेली. काठावर सारे तळेकर जमले होते, रानातले शिकारी धनुष्ये घेऊन आले होते, ताज्या माशांच्या कालवणाचा वास सुटला होता. म्हाळसा पुढे आली. आता तिची पाठ वाकली होती. तिने कनवटीचा सोन्याचा गळ काढून राजापुढे धरला.

"घ्या, म्हाराज. साथ सरली. तुमचा मान तुमाला."

राजाने गळाकडे पाहिले. त्याची बोटे जरा पुढे झालीसुद्धा. लोकांनी ते पाहिले. राणीने तर पाहिलेच.

"मी न येता तुमची जाळी भरली का?" राजाने विचारले.

"भरली की. फाटंस्तवर भरली."

"मग मान तुझाच. मी वर्षातून एकदा येतो. तू इथे राहतेस."

म्हाळसाने पदराने डोळे टिपले आणि पाण्यात उतरून गळ टाकला. थोड्याच वेळात दोरी ताणली आणि हातभर लांबीचा मासा उन्हात चमकत वर आला. काठावर एकच ओरडा झाला, आणि सगळ्यांत मोठ्याने राजा ओरडला.

मग त्याने स्वतःचा साधा लोखंडी गळ काढला आणि घाईघाईने पुढे सरसावला. म्हाळसाने हात आडवा केला.

"मागं व्हा, म्हाराज. आदी पोरांची पाळी हाय."

राजा मागे झाला. एक चिमुरडी गळ टाकून आली, दुसरी आली, तिसरी आली. एका पोराची दोरी गुंतली, ती राजाने सोडवून दिली. त्याची पाळी आली तेव्हा ऊन कलायला लागले होते. तो काठावर पाय सोडून बसला, गांडूळ लावले, गळ पाण्यात टाकला आणि शेजारी बसलेल्या राणीला म्हणाला, "कमळजा, तुला माहीत आहे, एकदा मी इथे एक मरळ धरला होता..."

त्याच्या मस्तकावर मागून एक टपली बसली.

"गुमान बसा," म्हाळसा म्हणाली. "मासं बुजत्यात."

राजा गुमान बसला. तळ्यात पाणी भरून होते, पाण्यात मासे भरून होते, आणि काठावर माणसे आपापल्या नावानिशी जागच्या जागी होती. जसे ते तळे भरले, तसे तुमचे-आमचे घर भरो.